नंबॅट माझा, अशोक बाईंचा

नंबॅट माझा होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं कौतुक बाईंचंच आहे आणि त्यात माझी एवढी एक गोष्ट हरवायला नको.

डोंबिवलीतल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजीची वाटणी झालेली होती. प्राणी माझ्याकडे, झाडं बाईंकडे. वर्ग तोच, मुलं तीच, प्रयोगशाळाही एकच. मुलं मला ‘झूलॉजीचे सर’ म्हणत. बाईंना मात्र नुसतं ‘मॅडम’. कॉलेजात शिकवणाऱ्या बायका डझनभर होत्या, पण कॉरिडॉरमध्ये कोणी ‘मॅडम कुठायत?’ असं विचारलं, की ते कोणाला शोधतंय हे शिपायालाही कळायचं. मला शोधत कोणी आलंच, तर ते प्रयोगवहीवर सही राहिली म्हणून.

अकरावीचा माझा पहिला तास नंबॅटचा. अभ्यासक्रमात तो नव्हता, मीच घुसडलेला. ऑस्ट्रेलियाच्या एका कोपऱ्यात उरलेला हा प्राणी. खारीपेक्षा जरा मोठा, पाठीवर पांढरे पट्टे, डोळ्यावरून काळी रेघ. पोकळ ओंडक्यात राहतो आणि दिवसभर लांबलचक जीभ घालून वाळवी खातो. कांगारूसारखा पिशवीवाल्या प्राण्यांतला, पण याच्या मादीला धड पिशवीच नसते, पिल्लं तिच्या पोटाला तशीच लोंबकळतात. बाहेरून आणलेल्या कोल्ह्यांनी आणि मांजरांनी त्यांचा जवळजवळ निकाल लावला. त्याचा एक तक्ता मी दिवाळीची अख्खी सुट्टी घालवून जलरंगात काढला होता आणि प्रयोगशाळेत बेसिनच्या वर लावला होता. माझ्या आयुष्यात मी स्वतःच्या हाताने केलेली एवढीच सुंदर गोष्ट आहे, असं मला वाटायचं, अजूनही वाटतं.

एके दिवशी प्रॅक्टिकलला गेलो तर तक्त्याशेजारी एक कोरा ड्रॉइंग पेपर लावलेला. त्यावर चिकटपट्टीने डकवलेली अशोकाची एक वाळलेली डहाळी. खाली फळ्यावर बाईंच्या गोल अक्षरात प्रश्न: ‘दोघांतील साम्य व फरक लिहा.’ आणि एरवी माझ्या तासाला खिडकीबाहेर बघणारी पोरं माना खाली घालून लिहीत होती.

‘मॅडम, तो तक्ता माझा आहे,’ मी म्हणालो.

‘म्हणून तर शेजारी लावलं. एकटा होता बिचारा.’

अर्धं पान लिहिणाऱ्या हुशार मुलींना त्यांनी पाच गुण दिले. मागच्या बाकावरच्या एकाने एकच ओळ लिहिली होती, ‘नंबॅटला डोळे आहेत म्हणून त्याची दया येते.’ त्याला दहापैकी दहा. तो नंतर मित्राला सांगत होता, ‘अरे मॅडम लय भारी आहेत यार, सरांचा उंदीर घेतला आणि फुल लेक्चर झाडावर फिरवलं.’ उंदीर! मी ते दाराआड उभं राहून ऐकलं आणि तसाच स्टाफरूममध्ये गेलो.

बाई कशा होत्या ते आता सांगायला हवं. ठेंगण्या, रुंद, केस कायम निसटलेले. काखेत प्लायवुडच्या दोन फळ्या, मध्ये रद्दी वर्तमानपत्रं आणि सगळ्याला करकचून बांधलेली परकराची नाडी. पानं दाबून वाळवायचं त्यांचं ते यंत्र. लग्नाला जातानाही ते बरोबर असे. आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नात नवरानवरीवर अक्षता पडत होत्या आणि बाई स्टुलावर चढून मांडवाच्या तोरणातली पानं तपासत होत्या. कळव्याला राहायच्या. तिथल्या सोसायटीत त्यांनी कुंड्या ठेवून ठेवून बाल्कनी नावाची गोष्ट शिल्लक ठेवली नव्हती.

त्यांचा एक शत्रू होता. आपल्याकडे प्रत्येक सोसायटीच्या कंपाउंडला लागून सरळसोट, टोकदार, हिरवी झाडं रांगेत उभी असतात आणि सगळे त्यांना अशोक म्हणतात, ती. तो अशोक नव्हेच, आसुपालव. खरा अशोक, सीतेचा, तो निराळा: पसरट, गर्द, ओढ्याकाठी सावलीत वाढणारा. त्याची कोवळी पालवी तांबूस आणि सुकल्यासारखी लोंबते, आणि केशरी फुलांचे झुबके थेट जुन्या फांदीतून फुटतात. साल औषधी, म्हणून लोकांनी सोलून सोलून संपवत आणलेला. बाई रस्त्याने जाताना आसुपालवाकडे बघून ‘तोतया’ म्हणायच्या. मोठ्याने. रिक्षा थांबवून सोसायटीच्या वॉचमनला उतरून समजावून सांगायच्या. वॉचमन बिहारचा असो नाहीतर बीडचा, तो ऐकून घ्यायचा. माझं तर माझी बायको ऐकत नाही.

आमची खरी भांडणं व्हायची ती धोक्यात असलेल्या जीवांच्या जागतिक यादीवरून. त्या यादीत अशोक ‘असुरक्षित’ आणि माझा नंबॅट त्याच्या वरच्या पायरीवर, ‘संकटग्रस्त’. मी हे दर महिन्याला एकदा तरी बोलण्यात आणायचो.

‘तुमच्यापेक्षा आमचं जास्त वाईट आहे, मॅडम.’

‘अहो, ती बोर्डाची गुणवत्ता यादी आहे का? पहिला आल्यासारखं काय सांगताय?’

स्टाफरूम हसायची, आणि मी डबा उघडून त्यात तोंड घालायचो. मत्सर कसा असतो ते मला पुस्तकात वाचावं लागलं नाही.

ठाण्याला एका सभागृहात मुलांसाठी विज्ञानमेळावा होता. बोलावणं मला आलं होतं, संकटग्रस्त प्राण्यांवर बोलायचं. आयोजकांनी आदल्या आठवड्यात फोन करून विचारलं, ‘सर, तुमच्याकडच्या मॅडम झाडांवर बोलतील का? दोघं मिळून करा ना.’ दोघं मिळून! मी वीस मिनिटं नंबॅटवर बोललो. चित्रं दाखवली, वाळवी खातानाची फिल्म दाखवली. पोरं ‘सो क्यूट’ म्हणाली. मग बाई उठल्या. त्यांच्याकडे फिल्म नव्हती. त्यांनी ती नाडी सोडली, वर्तमानपत्रातून एक पान काढलं आणि वर धरलं.

‘सरांच्या प्राण्याचं एक बरं आहे,’ त्या म्हणाल्या. ‘कोल्हा आला तर तो पळतो. ओंडक्यात लपतो. माणसांनी त्याच्यासाठी मोठ्या रानाला कुंपण घातलं, कोल्हा बाहेर, नंबॅट आत. थोडा वाचला. आता माझ्याकडे बघा. सुरी घेऊन माणूस आला तर हा कुठे जाणार? आणि कुंपण घातलं तर रस्त्याने जाणाऱ्याला कळणार, आत काहीतरी मोलाचं आहे. प्राण्याचं नाव जितकं होईल तितका तो वाचतो. झाडाचं नाव झालं की ते गेलं. म्हणून मी तुम्हाला हे पान दाखवते आहे, झाड नाही दाखवणार. कुठे आहे म्हणून विचारायचंही नाही.’

नंतर पोरांनी बाईंना गराडा घातला, पान हातात घ्यायला रांग लावली. मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होतो. मला राग आला होता आणि तो योग्य कारणाने आला नव्हता. प्राण्याच्या नावाचं ते वाक्य मला सुचायला हवं होतं. प्राणी माझा होता ना!

पण त्या दिवशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बाईंकडे खरं झाड होतं कुठेतरी. शंका पक्की झाली ती चैत्रात. अशोकाष्टमीला अशोकाच्या आठ कळ्या खायच्या, म्हणजे वर्षभर शोक होत नाही, असं मानतात. आमच्या स्टाफरूममधल्या बायकांनी भक्तिभावाने कळ्या आणल्या होत्या, अर्थात सोसायटीच्या रांगेतल्या. मी बाईंकडे बघत बसलो. आता उठतील, तोतया म्हणतील, पाऊण तास घेतील. बाईंनी मान वर केली नाही. पोळीचा तुकडा मोडत शांतपणे बसून राहिल्या आणि सगळ्यांना आसुपालवाच्या कळ्या खाऊ दिल्या. खऱ्याचं नाव काढलं असतं तर दुसरा प्रश्न आला असता, ‘मग खरा कुठे मिळतो?’

त्यांच्या निवृत्तीला शेवटचं वर्ष उरलं होतं तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. एका शनिवारी प्रयोगशाळेत आम्ही दोघंच असताना त्या म्हणाल्या, ‘उद्या माझ्याबरोबर आंबिवलीला येता का?’

स्टेशनपासून वीस मिनिटं चालायचं होतं. बाई दर दहा पावलांना थांबत होत्या. तिन्ही बाजूंनी नवे टॉवर उभे राहिलेले, मध्ये एका आगरी आजींची वाडी कशीबशी शिल्लक. आजींच्या मालकीची ती जागा, आणि वाडीच्या टोकाला, ओढ्याच्या काठावर ते झाड. आजींच्या सासूने लावलेलं. बाई कित्येक वर्षं दर रविवारी इथे येत होत्या. बसायचं, मोडलेली फांदी बघायची, बी गोळा करायचं, आजींच्या हातचा चहा घ्यायचा आणि परत.

‘तीन महिने मला येता येणार नाही,’ बाई म्हणाल्या. ‘फुलायच्या दिवसांत कोणीतरी असावं इथे. तुम्ही याल?’

‘मीच का? तुमचे एवढे झाडवाले विद्यार्थी आहेत.’

‘त्यांना झाडांचं वेड आहे. ते फोटो काढतील, चार जणांना घेऊन येतील. तुम्हाला झाडांत रस नाही, म्हणून तुम्हाला सांगते.’

एवढा विश्वास माझ्यावर कोणी टाकला नव्हता, आणि त्यातही मला ऐकू आला तो अपमानच. मी हो म्हणालो.

फाल्गुनात झाड फुललं. मी प्रामाणिकपणे जात होतो, हेही सांगतो. पण त्याच आठवड्यात मुलांनी बाईंच्या निरोपाची तयारी सुरू केली. अंथरुणावर पडलेल्या बाईंसाठी दोनशे पोरांनी प्रत्येकी एक पान वाळवून एक जाडजूड वही केली. त्यातल्या एका मुलीने ती वही माझ्याच हातात दिली, ‘सर, तुम्ही जाताय ना मॅडमकडे, देऊन टाका ना प्लीज.’ मी पोस्टमन! ती वही मी पोचती केली. घरी आलो आणि डोंबिवलीतल्या निसर्गप्रेमींच्या ग्रुपवर झाडाचा फोटो टाकला. ‘माझ्या रविवारच्या भटकंतीत सापडलेला दुर्मीळ सीताअशोक. आंबिवली स्टेशनपासून वीस मिनिटं, ओढ्याच्या काठी.’ खाली माझं नाव, हुद्द्यासकट.

‘सर, ग्रेट!’ ‘सॅल्यूट सर!’ ‘आपल्या इतक्या जवळ?’ त्या दिवशी मी फोन हातातून खाली ठेवला नाही. सुख झालं. खोटं कशाला बोलू?

पुढच्या रविवारी तिथे पंधरावीस जण कॅमेरे घेऊन आले होते. त्याच्या पुढच्या रविवारी कोणी नव्हतं. जमिनीपासून हात पोचेल तिथपर्यंत बुंधा सोललेला होता. आतलं लाकूड ओलं, फिकट दिसत होतं. फक्त ओढ्याकडच्या बाजूला, जिथे काठ तुटलेला आहे आणि माणसाला उभं राहता येत नाही, तिथे वीतभर रुंदीची साल उरली होती.

मी बाईंना फोन केला. त्या काठी टेकत, रिक्षा करून आल्या. रडल्या नाहीत. त्यांनी हात फिरवत ती वीतभर साल वरपासून खालपर्यंत चाचपली आणि मला म्हणाल्या, ‘शेण आणि माती कालवा. घट्ट.’ मी दोन्ही हातांनी कालवून बुंध्याला लिंपत होतो तेव्हा आजी आल्या.

‘बाई, आमचे सासूचा झार ह्यो. कोनी सांगला लोकांना?’

माझे हात थांबले.

‘मी सांगितलं,’ बाई म्हणाल्या. ‘बोलण्यात तोंडातून गेलं.’

‘मंग तुमी आता येव नका,’ आजी म्हणाल्या. ‘सर येतीन तं येव दे.’

मी तोंड उघडायला हवं होतं. कोपरापर्यंत शेणाने भरलेल्या हातांनी मी पुन्हा लिंपायला लागलो. परतताना रिक्षात बाई म्हणाल्या, ‘फोटो छान आलाय तुमचा. मला कोणीतरी पाठवला. पत्ता तेवढा द्यायला नको होता.’

तेव्हापासून दर रविवारी मी जायला लागलो. सकाळी आठला पोचायचं, अंधार पडायच्या आत निघायचं. शेणमाती वाळून पडली की नवी लिंपायची. फोटोवाले अजून यायचे, त्यांना सांगायचो, ‘अहो, ते झाड गेलं. हा आसुपालवाचाच एक प्रकार आहे.’ एक कुटुंब अष्टमीच्या कळ्यांसाठी आलं, त्यांना मी गोड बोलून टॉवरच्या कंपाउंडमधली रांग दाखवली. त्यांनी आभार मानले.

सोमवारी सकाळी बाईंचा फोन. ‘काय म्हणतंय झाड?’ मी सांगायचो. कुठे पान गळलं, कुठे सालीचा काठ फुगून पुढे सरकतोय. बाई मध्येमध्ये विचारायच्या, मी फुशारकीने उत्तर द्यायचो. दर रविवारी ठरवायचो, आज आजींना खरं सांगून टाकू, बाईंची वाट मोकळी करू. दर रविवारी परत यायचो ते न सांगता. लाज होती, ती होतीच. पण खरं कारण वेगळं होतं. आयुष्यात पहिल्यांदा असं काहीतरी होतं जे माझ्याकडे होतं आणि बाईंकडे नव्हतं. पोरं त्यांची, सभागृह त्यांचं, निवृत्तीनंतरही कॉरिडॉरमध्ये नाव त्यांचंच. झाड माझं. मला ते कोणाला द्यायचं नव्हतं, त्यांना तर मुळीच नाही.

अशी दोन वर्षं गेली. या फाल्गुनात ओढ्याकडच्या फांदीवर फुलांचा एक झुबका आला. एकच, नारळाएवढा. मी समोर जाऊन बसलो. आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण पाच मिनिटंच. हे बघायला जी बाई हवी होती ती कळव्यात बसून उद्या माझ्याकडून ऐकणार होती. मी उठलो. आजी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होत्या.

‘आजी, त्या वेळी बाईंनी नव्हतं सांगितलं लोकांना. मी सांगितलं. फोटो मी टाकला होता.’

आजींनी शेंग सोलणं थांबवलं नाही. ‘माना म्हायत हाय.’

‘कधीपासून?’

‘तवापासून. फोटोखाली तुमचा नाव व्हता नं. माझे नातीनी वाचून दाखवला.’

‘मग बाईंना का बंदी घातलीत?’

‘मी कनाला घालू? बाईनीच तवा येवाचे आदी माना फोन केलता. बोलली, मी सांगीन तसा तुमी बोला. सरांना लाज वाटली तं ते येवाचे नाय, आनि आयतवारी लोका येतान, झाराजवल मानूस पायजे. त्यांना वाटू दे, झार त्यांचे एकट्याचा हाय. मंग बग कसा जपतान.’

मी ओट्यावर बसलो.

‘आनि बाई येतान की,’ आजी म्हणाल्या. ‘दर मंगलवारी. बांधापोत रिक्षानी येतान, मंग मी हात धरून आनतंय. तुमी लिंपलेला बगतान, बोलतान, सरांचा हात बसला हां आता.’

दोन वर्षं! दर सोमवारी मी ज्या बाईंना झाडाची हकिगत ऐकवत होतो, त्या दुसऱ्या दिवशी जाऊन माझं काम तपासून येत होत्या. माझी सगळी जळफळ त्यांना आधीपासून तोंडपाठ होती. ती त्यांनी उचलली आणि झाडाच्या कामाला लावली, एवढंच. मला संताप आला. मग हसू आलं. आजींनी शेंगांचा अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला आणि मी सोलायला लागलो.

सोमवारी सकाळी फोन वाजला. ‘काय म्हणतंय झाड?’

‘फुललंय, मॅडम.’

‘अगंबाई! खरंच?’ इतका निखळ आनंद होता त्या आवाजात, की क्षणभर मला वाटलं, आजीच खोटं बोलल्या. कुठली फांदी, रंग अजून केशरी आहे की तांबडा झाला, मुंग्या आहेत का, सगळं त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. नेहमीसारखं, काही न गाळता. मग म्हणालो, ‘मॅडम, उद्या मंगळवार.’

‘हो,’ बाई म्हणाल्या. ‘मग रजा टाका. डबा मी दोघांचा आणते.’

कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा अर्ज लिहायला घेतला. कारणाच्या जागी पेन जरा थबकलं. मग लिहिलं, ‘घरगुती.’